ओढ्यापलीकडची हाक

३० डिसेंबर १९२९, सोमवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे. मन सैरभैर झालं की लिहून काढायचं, अशी सवय मिशनच्या शाळेत बाईंनी लावली होती, म्हणून बसलेय. माझा नवरा तानेली घरात आहे आणि जिवंत आहे. हे आधी लिहिते, बाकीचं मग.

शनिवारी आपिया शहरात न्यूझीलंड सरकारच्या पोलिसांनी आमच्या माणसांवर गोळ्या झाडल्या. माऊ चळवळीची माणसं म्हणजे कोण, तर आमचेच नवरे, भाऊ, दीर. निळ्या लुंग्या, खाली पांढरा पट्टा, शिस्तीत रांगा करून, बँडच्या मागे किनाऱ्याच्या रस्त्यानं चालली होती. हद्दपारीतून बोटीनं परत येणाऱ्या आपल्या माणसांना आणायला. सामोआ सामोआच्या लोकांना चालवू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि तेही गाणी म्हणत. तानेली म्हणतो, पहिला आवाज आला तेव्हा त्याला वाटलं नाताळचे फटाके उरले असतील. मग पोलीस ठाण्याच्या गच्चीवरून मशीनगन सुरू झाली. आमचे मोठे सरदार पुढे झाले, दोन्ही हात वर करून ओरडत होते, शांत राहा, शांत राहा. त्यांनाच लागली. काल सकाळी ते गेले.

तानेलीच्या पोटरीतून गोळी आरपार गेलीय. हाड वाचलं. दोन मित्रांच्या खांद्यावर हात टाकून रानातून चालत आला. सासूबाईंनी पाला चावून जखमेवर थापला आणि वर त्यालाच रागावल्या, "मिरवणुकीत पुढे पुढे करायची हौस लहानपणापासून." मग झावळ्यांच्या पडद्याकडे तोंड करून रडल्या.

मारेको त्या दिवशी कुठे होता कोण जाणे. माझा धाकटा भाऊ, सरकारी कचेरीत दुभाष्या. मिरवणूक त्याच्या कचेरीसमोरूनच जात होती. बघत उभा असेल पायरीवर, पांढरा कोट घालून.

१ जानेवारी, बुधवार

पुरुष सगळे रानात गेले. गावात आम्ही बायका, पोरं आणि म्हातारे. पोलीस एकेकाला पकडून नेणार असं कळलंय.

तानेलीला म्हटलं, "पळून काय जाता? एवढे जण आहात, उभे राहा की." तो म्हणाला, "सरदार जाता जाता सांगून गेलेत, बदला घ्यायचा नाही. हात उचलायचा नाही."

"आणि त्यांनी उचलला तर?"

"तर पळायचं."

"लंगडत?"

"लंगडत पळायचं," म्हणाला, आणि हसला. मला हसू येईना. काठी टेकत चढणीवरून दिसेनासा झाला तोवर मी बघत होते.

१४ जानेवारी, मंगळवार

न्यूझीलंडहून लढाऊ जहाज आलंय. अंधार पडला की त्याचा मोठा दिवा डोंगरावर फिरवतात. आमची घरं काय, खांब आणि झावळ्यांचे पडदे. उजेड आरपार जातो, झोपलेली पोरं उठून बसतात. सकाळी विमान घिरट्या घालून गेलं. आमची कोंबडी अजून पालथ्या टोपलीखालून बाहेर आलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तिथेच शिरावंसं वाटलं.

माऊ बेकायदा ठरवलीय. निळी लुंगी नेसणं हा गुन्हा. सासूबाई ती झग्याच्या आत नेसतात. म्हटलं, "आई, काढून ठेवा, मी पुरून टाकते." तर म्हणाल्या, "जप्त करायची असेल तर आधी मला उघडी करावी लागेल. एवढी हिंमत त्या पोरट्यांत आहे का बघू तरी."

त्यांना भीती कशी वाटत नाही? मला नारळ पडला तरी धडकी भरते.

१८ जानेवारी, शनिवार

आले.

सकाळी आम्ही तापल्या दगडांच्या भट्टीवरची झाकणाची पानं काढत होतो. आधी कुत्री भुंकली. मग ओढ्यापलीकडून खणखणीत हाक आली आणि मी जागच्या जागी थिजले, कारण आवाज ओळखीचा होता. मारेको! ओढ्याच्या त्या काठावर ताठ उभा राहून आमच्या गावाची बिरुदं म्हणत होता. पहिल्या मानाचं घर, दुसऱ्या मानाचं घर, गावाच्या वतीनं बोलणाऱ्या वक्त्यांची घरं, त्यांच्या लेकींच्या पदव्या, एकही न गाळता, लांबच लांब सूर लावून. लग्नाचं किंवा मयतीचं मोठं बोलावणं घेऊन पाहुणे येतात तेव्हा म्हणतात तसं. आणि त्याच्या मागे बंदुका घेतलेले गोरे सैनिक घामाघूम होऊन डास मारत उभे! बिरुदं संपेपर्यंत पाहुण्यानं ओढा ओलांडायचा नसतो, हे त्यानंच त्यांच्या साहेबाला पढवलं असणार. "असं केलं नाही तर गाव बिथरतं" वगैरे काहीतरी.

निर्लज्जपणाची कमाल झाली. आमच्या माणसांना पकडायला येतोय आणि वरून आमचाच मानपान करतोय.

मग घराघरांत शिरले. चटया संगिनींनी भोसकल्या. माझ्यासमोर त्यांचा तरणा साहेब, शेजारी लाल मिशांचा जुना पोलीस. हा मेला इतकी वर्षं आमच्यात राहिलाय की आमची भाषा त्याला बरीचशी कळते. मारेको खाली मान घालून. बहिणीच्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, तेवढं वळण अजून शिल्लक आहे.

"साहेब विचारतात, ताई, तुमचे यजमान कुठे आहेत?"

"सांग त्याला, मासे धरायला गेलाय. त्याच्याएवढाच मोठा आणि त्याच्यासारखाच लालबुंद मासा घेऊन येईल."

मारेको साहेबाशी बोलला. मला थोडं इंग्रजी येतं. तो म्हणाला, "बाईंना फार काळजी आहे, त्यांना काही ठाऊक नाही." माझं एवढं चांगलं वाक्य मातीत घातलं. लाल मिशीवाला मात्र मिशीतल्या मिशीत हसला.

कुणी सापडलं नाही. कितीतरी घरांत पुरुष न्याहारीला उतरले होते, अर्धी खाल्लेली पानं तशीच पडली होती, पण सगळे वेळेवर सटकले. देवाची कृपा.

२१ जानेवारी, मंगळवार

अळवाच्या टोपलीत तळाशी जेवण, वर तण, असं घेऊन वर मळ्यात गेले. तानेलीची जखम ओलीच आहे. बाकी माणसं चिखलानं माखलेली, दाढ्या वाढलेल्या, पण गप्पा मारत बसली होती.

तानेली म्हणाला, "तुझा भाऊ भला माणूस आहे गं."

"भला! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं."

"गळा काय लावतो पण! आमच्या काकांची पदवीसुद्धा चुकवत नाही." आणि सगळेच हसायला लागले, एक जण तर डोळे पुसत होता. "त्याचा घसा शाबूत राहो," तानेली म्हणाला, आणि सगळे "राहो, राहो" म्हणाले.

मी टोपली उचलून निघाले. माझ्या माहेरची थट्टा करायला यांना हीच वेळ सापडली. पुरुषांना कशाचं हसू येईल काही सांगता येत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

काल पुन्हा आले. पुन्हा ओढ्यावर तोच तमाशा, आणि या वेळी आधीपेक्षा लांब. मेलेल्या सरदारांचीही बिरुदं घेतली, मग पूर्वजांच्या आगमनाची हकीकत सुरू केली. साहेबानं घड्याळ काढलं तेव्हा कुठे थांबला. कुणी सापडलं नाही. निळं कापड मिळालं तेवढं घेऊन गेले.

आज झऱ्यावर धुणं धुवायला गेले. शेजारची लेउतू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "फुआतिनो, तुझ्या माहेरचं माणूस आलं की शहाळं तरी देत जा गं. किती घसा कोरडा करतं बिचारं!"

बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

"पण एक सांग," लेउतू म्हणाली, "माझं घर तिसरं तपासलं आणि तुझं अगदी शेवटी. असं कसं गं?"

मग कुणी हसलं नाही. मी बसले होते तिथून हळूहळू सगळ्या सरकल्या. एकीनं तर धुतलेलं परत बादलीत टाकलं आणि निघून गेली. चुगली मी करते असं यांना वाटतंय. मी! जिचा नवरा पोटरीला भोक घेऊन डोंगरात बसलाय!

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलू दे. घाबरलेली बाई कुणावर तरी भुंकते." त्यांचं ठीक आहे. त्यांचा भाऊ नाही सरकारात.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मी त्याचं तोंड बंद केलं.

सकाळी आले. तीच हाक, तोच मानपान, तेच घरोघर घुसणं. या वेळी निळ्या कापडाचा ढीग गावाच्या मधोमध रचून पेटवला. लेउतूच्या सासऱ्यांनी पांघरलेली लुंगीसुद्धा ओढून घेतली. ते म्हातारे तसेच बसून राहिले. सासूबाई जेवण घेऊन वर गेल्या होत्या ते बरं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

मला काय झालं ते कळलं नाही. मी आगीला वळसा घालून सरळ मारेकोसमोर जाऊन उभी राहिले. सगळ्या बायका बघत होत्या. तो लगेच खाली बसला, बहीण उभी असताना भावानं बसावं तसा.

"मारेको, ही बिरुदं माझ्या सासरच्या गावाची आहेत. मागे बंदुका उभ्या करून तू ती तोंडात घेतोस. आजपासून या ओढ्यावर तोंड उघडायचं नाही."

लाल मिशीवाला शेजारीच होता. मारेकोनं त्याच्याकडे एकदा बघितलं, मग जमिनीकडे. "ताई, पाहुण्यानं हाक न देता गावात शिरणं बरं नाही."

"पाहुणा? चोरासारखा ये. आहेसच."

बायकांमधून कुणीतरी "शाबास" म्हणालं.

"ताई, एकदा विचार करा. आज रागात आहात."

"विचार करून झालाय."

"हाक तेवढी राहू द्या. बाकी तुम्ही म्हणाल ते..."

"एक अक्षर जरी काढलंस," मी म्हणाले, आणि मग जे म्हणू नये ते म्हणाले. त्याची बायको दिवसांत आहे. "एक अक्षर जरी काढलंस तर तिच्या पोटात आहे त्याला माझा शब्द लागेल."

बहिणीचा शब्द भावाच्या लेकराला लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मारेकोचा चेहरा राखेसारखा झाला. बराच वेळ उठला नाही. मग म्हणाला, "बरं, ताई."

संध्याकाळी लेउतू स्वतः भाजलेला नीरफणस घेऊन आली. माझ्याजवळ बसली. किती दिवसांनी माझ्याजवळ कुणीतरी बसलं.

सासूबाई परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. कौतुक करतील वाटलं होतं. म्हणाल्या, "त्याला काय हवं ते बोलायचंस. पोटातल्या पोराला मध्ये आणायचं नव्हतंस."

५ फेब्रुवारी, बुधवार

चर्चच्या पाळकांनी बोलावून खरडपट्टी काढली. शिकलेली बाई तू, रविवारी धडा वाचतेस, आणि अंधारयुगातले शाप देतेस? मी मान खाली घालून ऐकलं. खरंय त्यांचं. पण झऱ्यावर बायका माझ्याशी बोलतात आता, आणि पाळकांना कधी झऱ्यावर जावं लागत नाही.

दुपारी आपियाहून मासे विकणारी बाई आली. मारेकोचा निरोप: ताईंनी शब्द मागे घेतला का, एवढंच विचारून ये.

सांग म्हटलं, नाही.

ती घुटमळली. "बाई, दोनदा विचार म्हणालेत."

"मग दोनदा नाही सांग."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वर जाता येत नाही. डोंगराच्या वाटेवर सैनिकांनी तंबू ठोकलाय. सासूबाई लाकडं आणायच्या मिषानं जातात, ठरलेल्या दगडाखाली जेवण ठेवून येतात. माझं आणि तानेलीचं तोंड बघणं नाही. त्यानं निरोप ठेवला होता: जखमेला वास येतोय, गरम पाणी हवंय, तंबू हलला की खाली येतो.

येऊ नकोस, असं सांगायचं होतं. पण जखम सडतेय म्हटल्यावर कसं सांगणार?

मी आता कुत्र्यांच्याही आधी दचकते. काल बूट घासल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि मी हातातलं टाकून पळत सुटले. बाहेर लेउतूचा मुलगा नारळ सोलत होता. त्याच्यावर ओरडले, मग त्याला खोबरं दिलं. देवा, यातून सोडव आम्हाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सोमवारचं लिहायचंय. पुन्हा पुन्हा बसले आणि उठले.

रविवारी तंबू हलला. सोमवारी उजाडल्यावर तानेली खाली आला. अंग तापलेलं, पाय सुजून खांबासारखा. मी पाणी उकळून जखम धुतली. तो ओठ चावत होता आणि मधूनच थट्टा करत होता. मग नारळाच्या दुधातला अळवाचा कंद आणि मासा पुढे ठेवला. तो निवांत, चवीनं खायला लागला, जसा काही घरी सुट्टीवर आलाय.

मी सारखी म्हणत होते, "आटप. जा आता."

"हाक कुठे आलीय अजून?"

"कसली हाक?"

"तुझ्या भावाची." हातातला घास तसाच धरून त्यानं माझ्याकडे बघितलं. "तो ओढ्यावर बिरुदं सुरू करतो, आम्ही निघतो. त्याची संपेपर्यंत आम्ही वरच्या धबधब्याशी. अख्खं रान त्या हाकेवर जगतंय गं. बायकांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. झऱ्यावर बोलता तुम्ही, आणि लाल मिशीवाला कुठेही कान लावून असतो." मग हसला. "म्हणून तर म्हणत होतो, भला माणूस आहे."

मला त्याला सगळं सांगायचं होतं, पण सांगण्यात वेळ गेला असता. "तानेली, ऊठ," एवढंच म्हणाले. "आत्ताच्या आत्ता ऊठ."

"अगं, हाक..."

"हाक येणार नाही. ऊठ!"

तो उठला, पण घराच्या मागच्या बाजूला बूट आधीच पोचले होते. वारा समुद्राकडून होता, कुत्र्यांनाही वास लागला नव्हता. तो पुढच्या बाजूनं अळवाच्या वाफ्याकडे धावला. धावला कसला, एका पायावर उड्या मारत गेला. कुणीतरी इंग्रजीत थांब म्हणून ओरडलं. त्याच्या हातात काही नव्हतं. मी शपथेवर सांगते, हातात अळवाचा तुकडा होता. एकच गोळी झाडली.

मी पोचले तेव्हा त्याचं डोकं वाफ्यातल्या चिखलात होतं. मी किंचाळले तर मलाच म्हणाला, "ओरडू नकोस. बाकीचे धावत खाली येतील." मग पाणी मागितलं. मी ओंजळीत आणलं तोवर गेला होता.

मान वर केली तेव्हा मारेको दिसला. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, आपल्या नेहमीच्या जागी. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

लेउतूनं मला कवटाळलं. "तुझ्या भावानं केलं हे," ती रडत म्हणाली, "सख्ख्या भावानं." सगळ्या बायका तेच म्हणत होत्या. सासूबाई मुलाच्या पायाची पट्टी नीट करत होत्या, जणू अजून दुखेल त्याला.

मी तानेलीच्या केसांतला चिखल पुसत राहिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

केस कापलेत. कुणीही सांगितलं नव्हतं.

सगळं गाव मारेकोचं नाव घेऊन थुंकतं. मी ऐकते. रोज ठरवते की आज सासूबाईंना सांगायचं, आणि रोज त्या माझ्यापुढे पान वाढून ठेवतात आणि मी जेवते. आधी बुटांची भीती वाटायची. आता माझ्या तोंडाची वाटते. ते एकदा उघडलं तेव्हा तानेली गेला आणि आता मिटलंय तर भाऊ जातोय.

१० मार्च, सोमवार

सरकारशी बोलणी झाली, पुरुष रानातून खाली आले. ढोल नाही, गाणी नाही. हाडांचे सापळे होऊन आले आणि आपापल्या घरात बसले. तानेलीबरोबरच्या माणसांपैकी दोघं सासूबाईंना भेटून गेले. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मी मारेकोला शाप घातला होता हे त्यांना एव्हाना कळलं असणार.

आज पहाटे उजाडता उजाडता लेउतूच्या सासऱ्यांचा आवाज ऐकू आला, "कोण आहे ते?"

आमच्या घरासमोर मारेको बसला होता. पांढरा कोट नव्हता. उघड्या अंगानं, मांडी घालून, डोकं जमिनीला लागेल इतका वाकलेला, आणि डोक्यावरून पाठीवर आमच्या माहेरची केवड्याच्या पातीची जुनी मऊ चटई, लाल पिसांची किनार असलेली. माझ्या आजीच्या लग्नातली. पुढ्यात भट्टीचे दगड आणि सरपण. म्हणजे, मी तुमचा अपराधी, मारायचं तर मारा, भाजून खायचं तर दगडही मीच आणलेत. माणूस मारलं गेलं की आमच्यात असं क्षमेला येऊन बसतात. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर त्याचं काय होईल ते होईल. एरवी सगळं कुळ येतं, पुढे कुळाचा सरदार असतो. हा एकटाच आला होता.

गावात राहिलेली पोरं जमली. काहींच्या हातात दगड होते. रानातून आलेले पुरुष काहीतरी समजवायला लागले, पण पोरं ऐकेनात. "तानेलीची आई ठरवेल," लेउतू म्हणाली. सासूबाई घरात खांबाला टेकून बसल्या होत्या, विडी विझलेली, डोळे त्या चटईवर. हलल्या नाहीत. ऊन वर आलं. चटईखाली मारेकोची पाठ थरथरत होती, ते इथून दिसत होतं.

मी उठले. कशी उठले मला ठाऊक नाही, एवढी भीती मला सैनिकांचीही वाटली नव्हती. अंगण ओलांडलं, चटईची कड उचलली आणि आत शिरले.

"ताई, नको," मारेको कुजबुजला. कळायला लागल्यापासून आम्ही भाऊ-बहीण एका चटईवर बसलेलो नाही, कुणीच बसत नाही. "ताई, हे बरं दिसत नाही."

"सरक जरा," मी म्हणाले.

तो सरकला. आत अंधार होता आणि आजीच्या पेटीचा वास. त्याच्या घामाचाही.

"बाळ?" मी विचारलं.

"व्हायचंय अजून. ती रोज रडते. मला विचारते, तुम्ही तोंड उघडलं तर नाही ना."

"माझा शब्द मी मागे घेतला. ऐकलंस? मागे घेतला. तिला सांग."

तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता.

मग मी चटईखालूनच मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणाले, "आई, याची हाक ऐकून आपली माणसं निघून जायची. आपल्याला कुणाला ते माहीत नव्हतं. ती हाक मी बंद केली. सगळ्यांनी ऐकलंय मी काय म्हणाले ते. त्याच्या पोराची शपथ घालून त्याचं तोंड मी शिवलं. तानेली हाकेची वाट बघत जेवत बसला होता."

कुणाच्या तरी हातातला दगड खाली पडल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले. सासूबाईंनी पडदे सोडून घेतले असते तरी ते बरोबरच होतं.

पावलं आली. डोक्यावरून चटई निघाली आणि ऊन डोळ्यांत घुसलं. सासूबाई दोन्ही हातांत चटई धरून उभ्या होत्या. झग्याखाली निळ्या लुंगीची कड दिसत होती. आमच्याकडे बघत होत्या, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"ज्यानं बंदूक चालवली तो आला नाही," त्या म्हणाल्या. "ज्यानं चालवायला सांगितली तो आला नाही. आपियात गच्चीवरून झाडल्या, त्यांच्यापैकीही कुणी कुणाच्या दारात गेल्याचं ऐकलं नाही. आणि आलं कोण, तर माझीच पोरं."

त्या खाली बसल्या, आमच्यासमोर, मातीत, आणि मोठ्यानं रडल्या. तानेली गेल्यापासून त्या अशा रडल्या नव्हत्या. लेउतू येऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. मारेकोच्या डोक्यावर सासूबाईंनी हात ठेवला. मग माझ्या. मी माफ झाले असं मला वाटत नाही, आणि त्याही तसं म्हणाल्या नाहीत.

दुपारी मारेको जेवून गेला. रीतीप्रमाणे ती चटई आता आमची, म्हणून मी घडी करून आत न्यायला लागले. सासूबाईंनी अडवलं. बाहेर ओट्याच्या दगडावर ठेवायला लावली, वाटेवरून येणाऱ्याला दिसेल अशी.

"राहू दे तिथे," म्हणाल्या. "ज्यांनी यायला हवं ते अजून आलेले नाहीत. त्या लोकांकडे चटया नसतात. आले तर डोक्यावर काय घेतील?"

"ते कशाला येतील, आई?"

"मला काय विचारतेस?"

संध्याकाळी आभाळ भरून आलं. मी विचारलं, चटई भिजेल, आत घेऊ का? म्हणाल्या, घे, पण सकाळी आठवणीनं परत बाहेर ठेव.